गूळफुटाण्याच्या पिशव्या

मालनबाईच्या उजव्या अंगठ्याला आणि त्याच्या शेजारच्या बोटाला ऊन-गार कळत नसे. तापलेला तवा ती त्या दोन बोटांच्या चिमटीत धरून खाली ठेवायची आणि शेजारणी बघत राहायच्या. तीन वर्षं मेणबत्तीच्या ज्योतीला बोटं लावून लावून तिथली कातडी बैलाच्या खांद्यासारखी झाली होती.

नगरच्या दाळमंडईमागं एका बोळात राधाकृष्णशेठचा चिवड्याचा कारखाना होता. कारखाना आपला म्हणायला. पुढं भट्टीची खोली, मागं पिशव्या भरायची खोली आणि मधल्या चौकात शेंगदाणे निवडायला पसरलेलं पोतं. मागच्या खोलीत पंखा नव्हता, आणि असता तरी लावता आला नसता. वाऱ्यानं ज्योत हलली की पिशवीचं तोंड अर्धं चिकटायचं आणि अर्धं जळायचं. म्हणून एकुलत्या एका खिडकीवर गोणपाट ठोकलेलं असे, दार लोटलेलं असे, आणि आत आठ बायका आठ मेणबत्त्या पुढ्यात घेऊन बसलेल्या असत.

काम दिसायला सोपं होतं. प्लॅस्टिकची लांब नळी गुंडाळीत येई, तिचे वीत-दीड वीत तुकडे कापायचे. तुकड्याचं तोंड करवतीच्या दोन जुन्या पात्यांत असं धरायचं की कड केसभरच बाहेर राहील, आणि ती कड ज्योतीवरून एका दमात न्यायची. हातानं घाई केली तर कड चिकटत नाही, हात रेंगाळला तर भोक पडतं. मग मापानं चिवडा भरायचा, शेठच्या नावाची गुलाबी चिठ्ठी आत टाकायची आणि वरचं तोंड तसंच बंद करायचं. पिशवी गालाजवळ नेऊन दाबायची. गालाला वारा लागला तर ती बाद. मालनबाईच्या पिशवीचा वारा कुणाच्या गालाला लागत नसे. तिनं बंद केलेला चिवडा भर श्रावणातही सादळत नाही, असं शेठ दुकानदारांना सांगायचा. तिला मात्र त्याचं फारसं काही वाटत नसे. संध्याकाळी घरी जाऊन भाकरीचा तुकडा मोडला की त्यालाही वितळलेल्या पिशवीची चव यायची, आणि डोकं असं जड व्हायचं की उशाला हात घेऊन पडावं आणि कुणी बोलू नये.

ती मूळची पाथर्डीकडच्या एका कोरडवाहू गावची. नवरा कानिफनाथ अंगानं धडधाकट, कामाला वाघ. गावच्या पाटलाची विहिरीवरची बागायत होती, तिथं तो वर्षाच्या बोलीवर, सालानं होता. कपाशीवर बोंडअळी पडायला लागली तसा पाटलानं पाठीवरचा पंप आणला आणि फवारणीचं काम कानिफनाथाकडं आलं. तो घरी यायचा तेव्हा त्याच्या सदऱ्याला एक वास असायचा. गोडसर, पण गोडाच्या मागून घशात काहीतरी खरवडल्यासारखा. मालनबाई तो सदरा दोनदा धुवायची, तरी वास जायचा नाही. एका दिवशी वारा फिरला आणि सगळं औषध त्याच्या तोंडावर आलं. त्याला बैलगाडीत घालून पाथर्डीला नेलं तेव्हा तोंडाला फेस होता. तो वाचला. पण तेव्हापासून त्याच्या हातांना कंप सुटला तो कायमचा. चहाचा कप भरून दिला तर अर्धा बशीत सांडायचा. असा माणूस सालानं कोण ठेवणार? मुलीचं लग्न झालेलंच होतं. दोघं नवराबायको नगरला आली आणि सर्जेपुऱ्यात एक खोली घेऊन राहिली.

मालनबाई राधाकृष्णशेठकडं लागली ती कागदाच्या पुड्या करायला. रद्दीचे कागद, कणकेची खळ आणि दिवसभर मांडी घालून बसणं. त्या कामाला वास नव्हता. चिवड्याच्या तेलानं कागद पारदर्शक व्हायचा आणि कधी कधी कागदावरची अक्षरं उलटी होऊन पोह्यांना लागायची, पण कुणी तक्रार करत नसे. सत्तर साली दिवाळीच्या आधी शेठ पुण्याहून एस.टी.नं आला, तेव्हा त्याच्या मांडीवर बाळासारखी धरलेली प्लॅस्टिकची गुंडाळी होती. त्यानं सगळ्या बायकांना बोलावलं, एक तुकडा उजेडात धरला आणि म्हणाला, "बघा, आतला माल बाहेरून दिसतो. गिऱ्हाइकाला आता विचारायला नको की शेंगदाणा किती आणि खोबरं किती." बायकांनी हात लावून पाहिला. शेजारी बसणारी लंकाबाई म्हणाली, "सापाच्या कातीसारखं लागतंय." सगळ्या हसल्या. त्या दिवसापासून खळीची पातेली कोपऱ्यात गेली आणि मेणबत्त्या आल्या.

बहात्तर साली पाऊस आलाच नाही. त्याच्या आधीच्या सालीही धड आला नव्हता. मृग गेला, आर्द्रा गेली, बाजारात लोक आभाळाचं बोलायचे बंद झाले. गावोगाव खडी फोडायची सरकारी कामं निघाली आणि अख्खी घरंच्या घरं हातोडी घेऊन उन्हात बसली. शहरात चिवडा कोण घेणार? आठ बायकांच्या चार झाल्या. मालनबाई राहिली ती तिच्या हाताच्या सफाईमुळं, आणि लंकाबाई राहिली ती मालनबाईनं शेठला शब्द टाकला म्हणून. कानिफनाथाला आता एकच काम होतं. पहाटेपासून नळाच्या रांगेत हंडे लावून उभं राहायचं. रांगेत कंप असलेल्या हातांना कुणी हसत नसे. हंडा भरला की मागचा माणूसच तो उचलून देई.

त्र्याहत्तरच्या फाल्गुनात शेठकडं एक वेगळंच काम आलं. शहरातल्या काही व्यापाऱ्यांनी मिळून ठरवलं होतं की खडी केंद्रांवर आयांच्या शेजारी उन्हात बसणाऱ्या पोरांना आठवड्यातून दोनदा गूळफुटाणे वाटायचे. कागदात बांधले तर उन्हानं गूळ पाघळतो आणि कागद त्याला चिकटून बसतो, म्हणून लहान लहान पिशव्या हव्या होत्या. पिशव्या जायच्या होत्या करंजीच्या घाटापलीकडच्या केंद्रावर. तिथं मालनबाईची धाकटी बहीण झुंबरबाई नवरा आणि दोन पोरांसह खडी फोडत होती.

"म्हंजी तुझ्या हातचं तुझ्या भाच्यांच्या पोटात जायाचं," लंकाबाई म्हणाली.

"जाऊंदे बाई कुनाच्या का व्हईना पोटात," मालनबाई म्हणाली. पण त्या पहिल्या आठवड्यात तिनं प्रत्येक पिशवीत गुळाचा खडा जरा मोठा पाहून टाकला, आणि शेठनं ते पाहून न पाहिल्यासारखं केलं.

दहा-बारा दिवसांनी जुनी गुंडाळी संपली. मुंबईहून प्लॅस्टिकचा दाणा येत नाही, कारखाने बंद पडलेत, असं शेठ दोनतीन दिवस म्हणतच होता. तिसऱ्या दिवशी नवी गुंडाळी आली. ती पहिल्यासारखी नव्हती. हिरवट, ढगाळ, हाताला जाड-बारीक लागणारी. उजेडात धरली तर पलीकडचं दिसायचं ते गढूळ पाण्यातून दिसल्यासारखं. मालनबाईनं पहिला तुकडा ज्योतीवरून नेला तर कड तडतडली आणि काळा धूर निघाला. तिनं हात थोडा वर घेतला, वेग वाढवला, आणि चौथ्या-पाचव्या पिशवीला तिला त्या मालाची खोड कळली. पण धुराबरोबर आणखी काहीतरी नाकात आलं होतं. तिनं मान वळवली. पुन्हा पुढची पिशवी घेतली. पुन्हा तेच. गोडसर, आणि मागून खरवडणारं.

आपल्या मनाचे खेळ, ती स्वतःशीच म्हणाली. पाच-सहा वर्षांपूर्वीचा वास इथं कुठून येणार? दुपारपर्यंत तिनं मान खाली घालून काम केलं. लंकाबाईनं दोनदा कपाळ दाबलं आणि तिसऱ्यांदा चौकात जाऊन बसली. संध्याकाळपर्यंत चौघींनी मिळून नऊशे पिशव्या केल्या. पोती शिवून तयार झाली. निघताना मालनबाईनं गुंडाळीचा रिकामा तुकडा कमरेला खोचला.

घरी कानिफनाथ हंडे झाकून उंबऱ्यात बसला होता. दिवस मावळायला आला होता. तिनं काही न सांगता तो तुकडा त्याच्यापुढं धरला.

"वास घ्या बरं ह्याचा."

त्यानं थरथरत्या हातानं तो नाकाशी नेला आणि तसाच लांब केला.

"कुटनं आनलंस ह्ये?"

"कारखान्यातनं. नवी गुंडाळी आलीया."

"पंपाचा वास हाय ह्यो," तो म्हणाला. मग उठला, झाकलेल्या हंड्यातलं तांब्याभर पाणी घेतलं आणि बाहेर जाऊन हात धुतले. ज्या पाण्यासाठी तो पहाटेपासून उभा होता त्यातलं तांब्याभर पाणी त्यानं नुसते हात धुवायला ओतलं, हे पाहून मालनबाईला उरलीसुरली शंका राहिली नाही.

सकाळी ती कारखान्यात गेली ती सरळ शेठच्या गादीपाशी.

"शेट, ह्यो माल बरा न्हाई. ह्याला फवारायच्या औषदाचा वास येतोय."

राधाकृष्णशेठ वाईट माणूस नव्हता. बाळंतपणात बायकांना घरी पोहे पाठवायचा, दिवाळीला लुगडं द्यायचा. त्यानं चष्मा कपाळावर सरकवला.

"मालनबाई, अहो आता नवीन दाणा मिळत नाही. जुन्या पिशव्या धुतात, वितळवतात आणि पुन्हा नळी ओढतात. सगळीकडं तेच चाललंय. आगीतून गेल्यावर त्यात काय राहणार आहे?"

"कसल्या जुन्या पिशव्या?"

"ते मला कुठं माहीत? भंगारवाल्याकडनं घेतात. खताच्या असतील, कशाच्या असतील."

"औषदाच्या पन असतील."

शेठनं चष्मा खाली ओढला. मग म्हणाला, "मला तर काही वास येत नाही."

"तुमी घ्या की हातात."

त्यानं गुंडाळी हातात घेतली, हुंगली आणि खांदे उडवले. त्याला खरंच काही आलं नसावं. आयुष्यभर तळणाच्या धुरात बसलेलं नाक ते.

"कालची पोती हायेत का?" तिनं विचारलं.

"सकाळी सातलाच गेली ट्रकनं. आज दुपारी वाटप आहे."

मालनबाईच्या डोक्यात फक्त नऊशे हा आकडा फिरत होता, आणि त्यातल्या निम्म्या तरी आपल्या हातच्या. गूळ कसा असतो तिला माहीत होतं. गुळाच्या ढेपेशेजारी रॉकेलचा डबा ठेवला तर आठ दिवसांत ढेप रॉकेल होते.

"शेट, ह्या पिशव्या मी न्हाई बंद करायची."

"मग आज घरी जा, मालनबाई," शेठ म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, वैताग होता. "मी शब्द दिलाय लोकांना. कशात भरून देऊ? पदरात?"

ती घरी गेली नाही. स्टँडवर जाऊन पाथर्डीच्या गाडीत बसली. का चाललो आहोत आणि जाऊन काय सांगणार, याचा तिनं नीट विचारही केला नव्हता. गाडीत जागा होती, खिडकीशी. करंजीचा घाट आला तेव्हा तिला कळलं की आपल्याला झोप लागली होती. घाट उतरून एका फाट्यावर ती उतरली आणि दीड-दोन मैल चालत गेली. दोन्ही बाजूंना रानं उघडी पडली होती. एके ठिकाणी मेलेल्या गाईचा सांगाडा होता आणि त्याच्याकडं कावळेसुद्धा ढुंकून बघत नव्हते.

केंद्राचा आवाज आधी आला. शेकडो हातोड्यांचा, पण एका लयीत नसलेला. मग माळावर माणसं दिसली, ओळीनं बसलेली, डोक्याला फडकी बांधलेली, प्रत्येकाच्या पुढ्यात दगडाचा ढीग. बाभळीखाली पोरं गोळा झाली होती आणि गोरक्षनाथ मुकादम पोत्यातनं पिशव्या काढून एकेकाच्या हातावर ठेवत होता. दोन पोती रिकामी होऊन बाजूला पडली होती. तीन अजून शिवलेली होती.

"दादा, थांबा जरा. वाटू नगा ते," मालनबाई म्हणाली.

मुकादमानं वर पाहिलं. "तुमी कोन?"

"ह्या पिशव्या मी बंद केल्यात. नगरास्नं आलेय."

"मग?"

"ह्यांच्या प्लॅस्टिकात औषदाचा वास हाय. कपाशीवर मारत्यात त्या औषदाचा. गुळाला लागला आसंल."

गोरक्षनाथानं एक पिशवी दातानं फाडली आणि हुंगली. त्याच्या भुवयांवर, मिशांवर दगडाची पांढरी भुकटी बसलेली होती. "गुळाचाच वास येतोय," तो म्हणाला. त्यानं शेजारच्या एका म्हाताऱ्याला हुंगायला दिली. तोही म्हणाला, गूळच हाय. तिनं स्वतः हुंगली. वास होता. फुटाण्यांना कमी, गुळाला जास्त. पण तो आपल्या एकटीलाच येतोय हे तिला कळलं.

तेवढ्यात झुंबरबाई ओळीतनं उठून आली. दुष्काळानं ती आणखी वाळली होती. तिच्या मागं तिची सात वर्षांची पोर होती आणि पोरीच्या हातात पिशवी होती, अजून न फोडलेली.

"आक्का, तू कशी काय आली?"

"झुंबर, दाजीस्नी गाडीत घालून नेलं तवा तू हुतीस ना गं? सदऱ्याचा वास ध्यानात हाय तुझ्या?"

झुंबरबाईनं पिशवी फाडली नाही की हुंगली नाही. नुसतं बहिणीच्या तोंडाकडं पाहिलं आणि पोरीच्या हातातली पिशवी काढून घेतली. पोरीनं भोकाड पसरलं. तिच्या रडण्यानं आजूबाजूचे हातोडे थांबले आणि बायका उठून जवळ आल्या. मालनबाई पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली.

गर्दीत बनुबाई नावाची एक म्हातारी होती. तिच्या ओच्यात दोन पिशव्या होत्या, नातवांच्या. ती शांतपणे म्हणाली, "मंजी गूळ टाकून द्या म्हंतीस. महिना झाला लेकरांच्या तोंडाला गोड लागलं न्हाई. तू नगरास्नं गाडीत बसून आली, तुझं पोट भरलेलं आसंल."

मालनबाईचं पोट भरलेलं नव्हतं. सकाळपासून ती चहावर होती. पण ते इथं सांगण्यासारखं नव्हतं.

"खाल्लं तर काय व्हईल?" मुकादमानं विचारलं.

"मला न्हाई ठावं. काय व्हनार पन न्हाई कदाचित. आमच्या घरात एकाला झालंय येवडं ठावं हाय."

"ठावं न्हाई आन थांबवायला आलीस," मागून कुणी तरी पुरुष म्हणाला. तो झुंबरबाईचा नवराच होता, हे मालनबाईनं न वळताही ओळखलं.

गोरक्षनाथानं त्या शिवलेल्या पोत्यांकडं पाहिलं. वाटप थांबवलं तर लोक अंगावर येतील, आणि नाही थांबवलं आणि काही झालं तर त्याच्या गळ्याशी येईल. शेवटी तो म्हणाला, "वाटल्या त्या वाटल्या. ज्याचं त्यानं बघावं. ही तीन पोती ऱ्हाऊ द्या. उद्या डॉक्टरचा वार हाय, त्याला दावतो." आणि तो पोत्यावर जाऊन बसला, म्हणजे कुणी हात घालू नये.

ज्यांना पिशव्या मिळाल्या होत्या त्यांतल्या थोड्यांनी टाकल्या. बाकीच्यांनी तिथंच, मालनबाईच्या डोळ्यांदेखत खाल्ल्या. एका बाईनं गूळ काढून टाकला आणि फुटाणे लुगड्याला घासून पोराला दिले. बनुबाईनं तिच्या दोन्ही पिशव्या ओच्यात घट्ट धरल्या आणि ती तिच्या ढिगापाशी जाऊन बसली. ज्यांच्या पोरांची पाळी यायची राहिली होती ती माणसं आपापल्या ढिगाकडं वळली. जाताना त्यांनी मालनबाईकडं जे पाहिलं ते तिनं खाली मान घालून घेतलं.

ती रात्री बहिणीकडंच राहिली. सकाळी केंद्रावर कळलं की चार पोरांना उलट्या झाल्या. उन्हानं झाल्या, टँकरच्या पाण्यानं झाल्या, का गुळानं, कोण सांगणार? चारही पोरं दुपारपर्यंत उठून बसली. बनुबाईच्या नातवांना काहीच झालं नव्हतं. ती हातोडी घेऊन बसली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगत होती.

डॉक्टर तरुण होता. त्यानं पिशवी उन्हात धरली, गुळाचा तुकडा हातावर घेतला, पुन्हा पुन्हा हुंगला. "मला नक्की सांगता येणार नाही," तो म्हणाला. "पण आहे काहीतरी. वाटू नका." त्यानं कागदावर लिहून दिलं आणि गोरक्षनाथानं तो कागद घडी घालून टोपीत ठेवला. मग माळाच्या कडेला खड्डा खणला आणि तीन पोती गूळफुटाणे त्यात ओतून वर मुरूम लोटला. खड्डा बुजेपर्यंत एकही हातोडा वाजला नाही. माणसं नुसती बसून बघत होती. मालनबाईला वाटलं, कुणी मोठ्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

झुंबरबाई फाट्यापर्यंत पोचवायला आली. गाडीची वाट बघत दोघी एका दगडावर बसल्या.

"तुझं काम गेलं म्हनायचं," झुंबरबाई म्हणाली.

"गेलं आसंल."

"दाजीला काय सांगशील?"

"त्यास्नी सांगायला नगो. त्यांनीच हात धुतले." झुंबरबाईला ते कळलं नाही, आणि मालनबाईलाही समजावून सांगण्याचा उत्साह नव्हता. गाडी आली.

पुढचे बारा दिवस ती घरीच होती. नळाच्या रांगेत नवऱ्याच्या जागी उभी राहिली, एका वाण्याकडं डाळ निवडून दिली. कानिफनाथानं तिला काही विचारलं नाही. एका संध्याकाळी तो फक्त म्हणाला, "गेलीस ते बरं केलंस," आणि तेही तिच्याकडं न बघता.

लंकाबाई मधे एकदा येऊन गेली, तेव्हा कारखान्याची हकिकत कळली. डॉक्टरचा कागद मुकादमाकडून वर गेला आणि फिरत फिरत त्या व्यापाऱ्यांच्या हातात पडला. त्यांनी शेठला बोलावून घेतलं. तिथं काय बोलणं झालं ते शेठनं सांगितलं नाही, पण परत आल्यावर त्यानं ती हिरवट गुंडाळी भट्टीत घालायला सांगितली. मग त्या धुराची त्यालाच भीती वाटली आणि ती तशीच नेऊन भंगारवाल्याला देऊन टाकली. भंगारवाल्यानं ती पुढं कुणाला विकली असेल, देव जाणे. गूळफुटाण्यांसाठी खळीची पातेली पुन्हा बाहेर आली होती. तिघी बायका दिवसभर दुहेरी कागदाच्या पुड्या करत होत्या. गूळ कागदाला चिकटत होता आणि पोरं तो कागदासकट चोखत होती.

"माझं नाव काडलं का शेटनी?" मालनबाईनं विचारलं.

"न्हाई. पन तुझी जागा मोकळीच ठिवलीय. मेनबत्ती पन हाय तिथंच."

तेराव्या दिवशी निरोप आला. मालनबाई गेली तेव्हा शेठ चौकात उभा होता, हातात नवी गुंडाळी. पांढरी, नितळ. गुंडाळी तिच्यापुढं धरून तो म्हणाला, "मुंबईहून आली. आधी तुम्ही बघा. तुम्ही बरी म्हणालात तर लावू."

तिनं गुंडाळी हातात घेतली आणि हुंगली. तिला काहीच कळलं नाही. भट्टीवर तळण चाललं होतं, खोलीतून भिंतींत मुरलेल्या मेणाचा वास येत होता, आणि तीन वर्षांचा सगळा धूर नाकात जाऊन बसल्यासारखं झालं होतं. उगाच बरी म्हणून टाकावं आणि जाऊन बसावं, असं तिच्या मनात आलं. पाय दुखत होते.

"थांबा," ती म्हणाली.

ती गुंडाळी काखेत घेऊन बोळाच्या तोंडाशी गेली. तिथं रस्त्यावरचा वारा लागत होता. तिनं पदरानं नाक पुसलं, थोडा वेळ नुसती उभी राहिली आणि रस्त्यावरची माणसं बघत राहिली. मग एक तुकडा फाडला, हातावर चोळला आणि नाकाशी नेला. पुन्हा नेला. आतल्या बाजूनं चोळून तिसऱ्यांदा नेला. शेठ चौकात तिष्ठत उभा होता आणि त्यानं एकदाही हाक मारली नाही.

ती परत आली. "बरी हाय," म्हणाली आणि गुंडाळी त्याच्या हातात दिली. मग चपला दाराशी काढून ती आत गेली, लंकाबाईच्या शेजारी मांडी घालून बसली आणि तिनं मेणबत्ती पेटवली.